कडू भाकर आणि एक इंग्रजी शब्द

अकरावीच्या वर्गाला मी दरवर्षी एक काम लावून देते. रोज तोंडात असलेला एक इंग्रजी शब्द निवडायचा आणि तो पूर्वी कोणकोणत्या अर्थांनी वापरला जायचा ते शोधून आणायचं. बहुतेक जण मोबाइलवरून काहीतरी ढापून आणतात, मी त्यांना झापते आणि विषय तिथेच संपतो. मेहकरसारख्या गावात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. पण एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने 'सॅड' हा शब्द निवडला. हाच का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, आमच्या सगळ्याईच्या स्टेटसवर हाच राह्यते."

खरंच होतं ते. नेट गेलं की सॅड, पेपर अवघड गेला की सॅड, मैत्रिणीने फोन उचलला नाही तरी सॅड. शेजारी ते रडक्या पिवळ्या तोंडाचं चित्र. या शब्दाचा मला मनस्वी कंटाळा आला होता, तरी मुलगी पहिल्यांदाच काहीतरी मनापासून विचारत होती, म्हणून मी तिला घेऊन ग्रंथालयात गेले. तिथे एक जाडजूड कोश आहे. तो कपाटातून काढायचा म्हटलं की शिपाई कपाळाला आठ्या घालतो.

त्यात पहिला अर्थ दिला होता तो पोट भरलेल्या माणसाचा. जेवून तृप्त झालेला, आता नको म्हणणारा. मुलगी खुदकन हसली. "मॅडम, हे तं उलटंच निघालं!" मग मी तिला सांगितलं की जर्मन लोक आजही पोट भरलं म्हणायला याच कुळातला शब्द वापरतात, आणि आपण 'सॅटिस्फाय' म्हणतो तो याचाच लांबचा भाऊबंद. पुढे पुढे अर्थ सरकत गेले. आधी पोट भरलेला, मग पुरे झालेला, दमलेला. मग जड. जड म्हणजे जागचा न हलणारा, म्हणून घट्ट, स्थिर, ज्याच्यावर भिस्त ठेवावी असा. अशा माणसाच्या तोंडावर हसू कमी, म्हणून गंभीर. आणि गंभीर चेहऱ्यावरून शेवटी दुःखी. मध्येच काही मजेशीर वापर होते. न फुगलेल्या, दडस झालेल्या पावाला हाच शब्द. भरीव लोखंडाच्या जड इस्त्रीला हाच. काळपट, मळकट रंगांनाही हाच. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि तो शब्द विसरून गेले.

त्यानंतर बाबांना घशाचा आजार झाला.

आमचं गाव हिवरा आश्रमाच्या पुढे, रस्ता सोडून थोडं आत आहे. बाबांनी जन्मभर भाजीपाला पिकवला. मेथी, पालक, वांगी, मिरची, बांधाला आंबाडी. मी त्यांची एकुलती एक. मी मेहकरला आणि ती दोघं गावात, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. बाबा खाण्याचे दर्दी होते. आपल्याच मळ्यातल्या वांग्याचं भरीत खाताना ते असे मिटक्या मारत की मला पाहुण्यांसमोर लाज वाटायची. बाजारातून आले की हातपाय धुवायच्या आधी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलणार. माय पळी उगारून धावायची. "अवो, माणूस हाव का मांजर?" हे आमच्या घरचं रोजचंच.

अशा माणसाला देवाने घशाचं दुखणं द्यावं, याचा मला आजही राग येतो. समजूत घालणारे पुष्कळ भेटले. मला एकाचंही पटलं नाही.

आधी भाकर बंद झाली, मग भात, मग पातळ वरणसुद्धा. शेवटी नाकातून नळी आली. त्या नळीतून ताक, फळांचा रस, नाचणीची पेज असं काहीबाही जायचं. पोटात अन्न पडत होतं, जिभेला त्याचा पत्ता नव्हता. आवाज आधीच गेला होता.

मी दर शनिवारी गावी जायची. अशाच एका रविवारी मळ्यातून भाजी घेऊन परत आले आणि दारातच थबकले. बाबा उशांना टेकून बसलेले. त्यांच्यासमोर खाली माय, पुढ्यात ताट. ती एक घास घ्यायची, नीट चावायची आणि बाबांकडे बघून सांगायची, "मेथी कोवळी हाय आज. लसूण जरासाक करपला." बाबा मान हलवायचे. मग बोटाने ताटातल्या दुसऱ्या पदार्थाकडे दाखवायचे. माय त्याचा घास घ्यायची. "ठेचा लय तिखट झाला, नाकातून पाणी आलं, पाहा." बाबांचे जबडे तिच्याबरोबर हलत होते. त्यांचे डोळे मी कधीच विसरणार नाही. चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलणाऱ्या माणसाचेच ते डोळे होते.

मायने हात आखडला, ताटात अर्धी भाकर उरली, की बाबा खाटेच्या लाकडावर बोटं वाजवायचे. संपव. तिला भूक नसायची. रात्र रात्र जागून तिच्या तोंडाची चव गेलेली, तरी ती संपवायची. रोज, दोन्ही वेळा.

मी आत आले तशी ती ओशाळली. नंतर गोठ्यामागे मला म्हणाली, "हे कोणाले सांगू नको. शेगावले तं बिलकुल नाही."

शेगावला म्हणजे आत्याला. बाबांची धाकटी बहीण तिथे मंदिराजवळच्या गल्लीत राहते. माय आणि आत्या एका वयाच्या. माय लग्न होऊन आली तेव्हा आत्या घरात होती, आणि सासरच्या त्या पहिल्या दिवसांत मायला जे रडायचं होतं ते ती आत्याजवळ रडली. आत्याचं लग्न झालं तेव्हा नवरीपेक्षा तिची वहिनीच जास्त रडली, असं गावात अजून सांगतात. हातात मोबाइल आले तसा दोघींचा संध्याकाळचा फोन ठरून गेला. शेगावला कोण दर्शनाला आलं, कोणाची सून कशी, कोणत्या भाजीत काय टाकलं. मायला सख्खी बहीण नाही. तिची जी काही बहीण, मैत्रीण, सगळं ते फोनमध्ये होतं.

आवाज होता तोवर बाबांनी मायकडून वचन घेतलं होतं. मी घासासाठी तडफडतो हे तिला कळू देऊ नको, ती जेवण सोडून देईल. आणि सोडलं असतंच तिने. आमच्या घरातल्या बायका अशाच आहेत.

म्हणून आत्या भेटायला यायची तेव्हा ताटाचा कार्यक्रम बंद असायचा. माय आत जाऊन उभ्या उभ्या चार घास खायची आणि आत्याला वाटायचं, वहिनीच्या पोटात अन्न जात नाही. पण गावाला वेगळंच दिसत होतं. बाबा वाळत चालले होते आणि माय अंगाने भरत चालली होती. दोन माणसांचं जेवण ती एका पोटात घालत होती, तर दुसरं काय होणार? नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, "नवरा काडी होऊन राह्यला अन् हे पाहा कशी फुगून राह्यली." मायने ते ऐकलं. हंडा भरून घरी आली आणि बाबांच्या समोर ताट घेऊन बसली. त्या दिवशी मला कोशातला तो पहिला अर्थ आठवला. पोट भरलेला, आणि त्या भरलेपणानेच दमलेला, जड झालेला. इंग्रजीत हे अर्थ एकातून दुसरा निघायला शेकडो वर्षं गेली. आमच्या घरात ते सगळे एकाच बाईच्या अंगावर एकदम दिसत होते.

बाबा थंडीच्या दिवसांत गेले, सकाळी, मायचा हात धरून.

माणूस जातो त्या दिवशी आमच्याकडे घरात चूल पेटत नाही. सोयरे भाकरी घेऊन येतात, तिलाच कडू भाकर म्हणतात. सोबत पिठलं नाहीतर नुसतं वरण. शेजारच्या मुसलमान चाचीनेही डबा पाठवला होता. त्यांच्याकडेही मयताच्या घरात स्वयंपाक करत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. कडू भाकरीची एक रीत असते. बाया आग्रह करतात, "खाय वं माय, दोन घास तरी खाय." जिच्यावर प्रसंग आला ती मान फिरवते. मग कोणीतरी घास तोंडाला लावतं, ती तो कसाबसा गिळते आणि ताट सारून देते. कोणी नाटक करतं असं मला म्हणायचं नाही. घशाखाली खरंच उतरत नाही. पण रीत ठरलेली असते आणि सगळ्यांना ती ठाऊक असते.

मायचं माहेर दुसरबीडचं. मामी तिथून भाकरी घेऊन आली होती. तिने मायच्या पुढ्यात ताट ठेवलं. माय भिंतीला टेकून बसली होती, समोर बाबांची रिकामी खाट. तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा. ओसरीवरच्या बायांचं बोलणं हळूहळू थांबलं. माय खाटेकडे बघत सावकाश, नीट चावून जेवत होती. भाकर गार होऊन दगड झाली होती. तिने ती संपवली आणि मामीकडे हात केला. "आणखीन दे."

मामीने दिली. मायने तीही संपवली, ताटातलं शेवटचं पिठलं बोटाने पुसून घेतलं आणि उठून हात धुतला.

आत्या दाराशी बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली. "माह्या भावाची राख बी थंडी झाली नाही, वयनी. तुले दोन भाकरी गेल्या कशा?"

माय हात पुसत राहिली. मीच उसळले. "आत्या, तुले काही माहीत नाही—" माझं वाक्य मायने तोडलं. नुसतं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला लहानपणापासून माहीत आहे आणि आजवर तिच्यापुढे माझं काही चाललेलं नाही.

"काय माहीत नाही मले?" आत्या म्हणाली. तिने माझ्या गप्प बसण्याचा तिला हवा तो अर्थ लावला. नळावरचं बोलणंही तोवर तिच्या कानावर गेलं असणार. राख सावडून झाल्यावर ती शेगावला परत गेली. जाताना मायला 'येतो' म्हणाली नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवसांत माझ्या मोबाइलवर विद्यार्थ्यांचे निरोप येत होते. 'सो सॅड मॅडम.' खाली तेच पिवळं तोंड. आधी मी चिडले. नंतर काही कामधंदा नसल्यामुळे मी तो शब्दच मनात घोळवत बसले. नातेवाईक बायांनी मायसाठी ट्रंकेतून साड्या निवडल्या, मातकट, राखाडी, विटक्या. हिरवी बाजूला ठेवली, लाल बाजूला ठेवली. साता समुद्रापलीकडच्या लोकांनी असल्या रंगांना कधीकाळी जे नाव दिलं होतं, ते आमच्या ट्रंकेलाही लागू पडत होतं. आणि मायकडे बघितलं की तो मधला अर्थ आठवायचा, घट्ट, जागचा न हलणारा. ती दोन्ही वेळा जेवत होती. ताट घेऊन खाटेसमोर बसायची, शेवटचा घास संपवूनच उठायची. बाया एकमेकींकडे बघायच्या. ती कोणाकडेच बघत नव्हती.

फक्त संध्याकाळी ती मोबाइल जवळ घेऊन बसायची. शेगावच्या फोनची वेळ व्हायची आणि निघून जायची. एकदा दुसऱ्याच कोणाचा फोन आला तर तिने केवढ्या घाईने उचलला! मग "हाव, हाव" करून ठेवून दिला. मला ते बघवेना.

"मी आत्याले सांगतो सगळं," मी म्हणाले. माझीही भाषा गावात गेल्यावर बदलते.

"नाही."

"माय, बाबा गेले. आता कोणापासून लपवतं?"

"शब्द देला हाय त्याईले."

"अन् आत्या तुटली तं? तिच्याशिवाय तुले कोण हाय?"

मायने पुढ्यातल्या सुपातली शेंग फोडली. मग म्हणाली, "ते नवरा-बायकोचं जेवण होतं वं. चव्हाट्यावर कायले नेतं? तिले समजलं तं आपला भाऊ कसा घासाले तरसला, हेच तिच्या डोळ्यापुढं राहीन जन्मभर. त्याच्यापेक्षा मले वाईट म्हणू दे. वाईट ठरून बी माणूस जगते."

मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. तिच्या शेजारी बसून शेंगा फोडू लागले.

तेरवीला आत्या आली. यायलाच हवं होतं, सख्खा भाऊ होता. हातात स्टीलचा डबा होता. तो तिने कोपऱ्यात ठेवला, बाबांच्या फोटोला हार घातला आणि मायकडे पाठ करून बायांमध्ये जाऊन बसली. माय उठून उभी राहिली होती, ती तशीच पुन्हा खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं ते मला दिसलं.

फोटोपुढे बाबांचं पान वाढलं. पुरणाची पोळी, कढी, वडे, आलू-वांग्याची भाजी, भात, वरण. त्यांच्या आवडीचं एकही राहायला नको म्हणून मी स्वतः वाढत होते. मग पंगती बसल्या. कोणीतरी मायलाही ताट आणून दिलं आणि ती फोटोसमोर बसली. अंगणात आरडाओरडा होता, वाढपी धावत होते, पोरं पाणी सांडत होती. मायच्या आजूबाजूला बाया होत्या, पण मला वाटतं तिला त्या वेळी कोणीच दिसत नव्हतं. तिने वड्याचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि फोटोकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "वडा कुरकुरीत झाला. जिरं चांगलं लागून राह्यलं."

मग क्षणभर थांबली. बोट कुठे जातंय ते बघण्यासाठी थांबायची तशीच. आणि भाजीचा घास घेतला. "वांगे आपले नाहीत. आपल्या वांग्याले अशी कडू चव नसते. रस्सा बरा हाय." पुन्हा थांबली. पुन्हा घास. "भात फडफडीत झाला, तुमाले आवडते तसा." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसण्याचंही तिला भान नव्हतं. तरी ती पुढचा घास घेत होती आणि सांगत होती. ताटात अर्धी पोळी उरली तेव्हा तिचा हात थांबला. ती फोटोकडे कान देऊन बसली, कोणीतरी लाकडावर बोटं वाजवील म्हणून. मग स्वतःच "हाव, हाव, संपवतो" म्हणाली आणि पोळीचा तुकडा मोडला.

आत्याची पाठ आमच्याकडे होती. ती कधी वळली मला कळलं नाही. मी बघितलं तेव्हा ती मायकडे एकटक बघत होती. तोंडावर हात होता. तिने मला विचारलं नाही, मी तिला सांगितलं नाही. ती माझ्या बाबांची बहीण आहे. झाकण उचलणारा भाऊ तिने माझ्याआधी बघितला आहे.

ती उठली. गुडघे धरून धरून कोपऱ्यापर्यंत गेली, तो डबा घेऊन आली आणि मायच्या शेजारी मांडी घालून बसली. डब्यात मुगवड्यांची भाजी होती. तिने पळीभर मायच्या ताटात वाढली.

"हे बी खाय, वयनी. अन् सांग त्याले कशी झाली ते."

माय दचकली. तिला वाटलं असावं, आपण पकडले गेलो. तिने आत्याकडे बघितलं, मग फोटोकडे. मग भाजीचा घास घेतला आणि नीट, सावकाश चावला.

"तुमच्या बहिणीनं मीठ जास्त टाकलं," ती फोटोला म्हणाली.

आत्याने पदराने नाक पुसलं. "चुकलं, दादा," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले कमी टाकतो."

आणि तिने मायच्या ताटात आणखी एक पळी वाढली.